फीमाफी : कागदावरची आणि खिडकीवरची

‘सर, पोरींची फी माफ झाली म्हणतात, मग माझ्या पोरीकडं पैसे का मागतात?’ पिरंगुटच्या आमच्या वस्तीतील एका बापाचा हा प्रश्न.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी निम्मे होते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप पूर्वीपासूनच आहे. म्हणजे कागदावर त्या पोरीलाही माफी आहेच.

पण ‘माफ’ हा शब्दच फसवा आहे. फी रद्द होत नाही; ती शासन मागाहून भरून देते. २०२१ पासून शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्याने महाविद्यालयात भरायचा असतो. हप्ता लांबला की संस्था मंत्रालयाच्या नव्हे, पोरीच्या तोंडाकडे बघते.

मी प्रवेश घेतला तेव्हा खिडकीवरचा कारकून म्हणाला, ‘आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या.’ वडील कारखान्यात कंत्राटी हमाल. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली, आणि ती फेडण्यासाठी दिवाळीतही पोती वाहिली. पैसे परत मिळाले ते दुसरे वर्ष संपताना. त्याला माफी म्हणायचे की बिनव्याजी कर्ज, आणि ते कोणी कोणाला दिले?

सरसकट फी रद्द करा म्हटले की तिजोरीचे रडगाणे सुरू होते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी हिशेबच मांडला होता : कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम फीतून येते, हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तिथे तर बहुतेक सारा भार फीवरच. आज शासन मुलींच्या नावाने जे भरते, ते अशा संस्थाचालकांच्या खात्यात जाते. मुलींनी ते नाकारावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण तेवढ्याच पैशात शासकीय महाविद्यालये का वाढत नाहीत, हे आपल्या कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे. मेस आणि बसच्या पासाचा प्रश्न तर अजून कोणी काढलेलाच नाही.

त्या बापाला मी म्हणालो, रोख देऊ नका. मागणी लेखी मागा. मंगळवारी पोरीचे कागद घेऊन आम्ही दोघे त्या खिडकीवर जाणार आहोत.