फड्या निवडुंग: एका पानापासून रोप कसं करायचं आणि विक्रीचा हिशेब कसा मांडायचा?



"भांडवल कमी आहे, घरातूनच काय सुरू करता येईल?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा असतो. त्याचं एक छोटं उत्तर आज बघू: फड्या निवडुंग. बाल्कनीत वाढतो, खत फार मागत नाही आणि एका पानापासून नवीन रोप तयार होतं. पण एक गोष्ट आधीच लिहून ठेवा. हे झाड कमी पाण्यानं क्वचित मरतं, जास्त पाण्यानं मात्र हमखास कुजतं. तुमचा नफा इथेच टिकतो किंवा इथेच बुडतो.

आधी झाड ओळखा

हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. मेक्सिकोमध्ये त्याची कोवळी पानं भाजी म्हणून खातात आणि त्या देशाच्या झेंड्यावरही हा निवडुंग आहे. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर पाणी साठवणारं चपटं खोड असतं. म्हणूनच ते कापून लावलं की मुळं धरतं.

आपल्याकडे चीक असलेल्या त्रिधारी झाडालाही निवडुंगच म्हणतात. कापल्यावर पांढरा चीक आला तर तो फड्या नव्हे. तो चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. गिऱ्हाइकाला हा फरक तुम्हाला सांगता आला पाहिजे.

रोप तयार करायच्या पायऱ्या

१. निरोगी, पूर्ण वाढलेलं पान निवडा. अगदी कोवळं नको.

२. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा चिमटा वापरून पान धरा आणि सांध्यावर स्वच्छ सुरीनं कापा. मोठ्या काट्यांपेक्षा केसासारखी बारीक कुसं जास्त छळतात. ती बोटात शिरली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा.

३. आता सगळ्यात महत्त्वाचं: पान लगेच लावायचं नाही. सावलीत, हवेशीर जागी एक ते दोन आठवडे ठेवा. कापलेली जागा सुकून कडक झाली पाहिजे. ओली जखम मातीत गेली की पान कुजतं. दमट हवेत जास्त दिवस लागतात, तेवढे थांबा.

४. खाली भोक असलेली कुंडी घ्या, मातीची असेल तर उत्तम. अर्धी माती, अर्धी जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा. पान साधारण एक तृतीयांश आत जाईल असं उभं लावा.

५. पहिला आठवडाभर पाणी नाही. नंतर अगदी थोडं. तीन-चार आठवड्यांनी पान हलकं हलवून बघा. घट्ट वाटलं तर मुळं धरली.

हे काम पावसाळा संपल्यावर किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा.

रोजची काळजी

दिवसाला सहा तास तरी ऊन हवं. ऊन कमी पडलं की नवीन पानं बारीक, लांबट निघतात आणि असं रोप कोणी घेत नाही. पाण्याचा दिवस ठरवू नका. बोट मातीत घाला, आतपर्यंत कोरडं असेल तरच द्या. थंडीत आणखी कमी. पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली किंवा आडोशाला घ्या.

बुंधा मऊ आणि काळा पडला तर वरचा चांगला भाग कापून, सुकवून पुन्हा लावा. पानावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती कीड आहे. ते पुसून काढा, साबणाच्या पाण्यानं पान धुवा आणि ती कुंडी वेगळी ठेवा. त्यातली एक कीड चिरडली की लाल रंग निघतो. याच किड्यापासून पूर्वीपासून लाल रंग तयार करतात.

आता हिशेब

हा हिशेब उदाहरणादाखल आहे, तुमच्या गावचे भाव घालून बघा. समजा कुंडी, माती आणि लेबल मिळून एका रोपाला ४० रुपये लागले. २० रोपांचे झाले ८०० रुपये. त्यातली ५ कुजली. उरलेल्या १५ रोपांवर ८०० रुपये वाटले तर एक रोप ४० चं नाही, साधारण ५३ रुपयांचं पडलं. बरेच जण ४० धरूनच किंमत लावतात आणि मग "विक्री होते पण पैसे दिसत नाहीत" म्हणतात. त्यावर पॅकिंग, वाहतूक आणि तुमची मेहनत वेगळी धरायची. मर जेवढी कमी, तेवढा नफा जास्त. म्हणून तिसरी पायरी चुकवू नका.

विकताना

मुळं न धरलेलं रोप विकू नका. महिन्याभरात ते गिऱ्हाइकाच्या घरी कोसळलं की ते परत येत नाही, शेजाऱ्यालाही सांगतं. प्रत्येक कुंडीसोबत तीन ओळींची चिठ्ठी द्या: ऊन किती, पाणी कधी, लहान मुलांपासून लांब ठेवा. सशाच्या कानासारखी दिसणारी 'बनी इअर' जात छोट्या कुंडीत छान दिसते. तिला मोठे काटे नसतात, पण बारीक कुसं भरपूर, हेही स्पष्ट सांगा.

तुमचा गृहपाठ

एकदम शंभर कुंड्या आणू नका. ओळखीच्यांकडून १० पानं मागून घ्या, लावा आणि वहीत तारीख, खर्च, किती जगली ते लिहा. दोन महिन्यांनी ती वहीच तुम्हाला सांगेल की हा धंदा वाढवायचा की थांबवायचा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!