फाळाची धार आणि उंदराचा दात

पारनेर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांच्या रोटाव्हेटरची पाती एका हंगामात झिजून निम्मी होतात. निफाडला त्यांच्या मेहुण्यांकडे मात्र त्याच कंपनीची पाती दोन हंगाम आरामात जातात. दुकानदार म्हणतो, ‘बोरॉन स्टीलची घ्या, दुप्पट टिकतील.’ जास्तीचे पैसे घालावेत का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी मेहुण्यांच्या पात्यांचं पाहू. निफाडची काळी जमीन चिकट आणि जड असली तरी तिचा कण बारीक आणि मऊ. पारनेरची जमीन मुरमाड, त्यात गोटे आणि गारगोट्या. लाव्हा थंड होताना खडकात पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून सिलिका साचली आणि तिच्या गारगोट्या झाल्या. बांधावरची एक गारगोटी उचला आणि नव्या पात्यावर जोर देऊन ओढा. ओरखडा उठेल. काठिण्य मोजायच्या विकर्स मापावर साधं लोखंड दीडशेच्या आत-बाहेर भरतं, भट्टीतून काढून नीट पाणी दिलेलं पोलाद पाचशे-सहाशेपर्यंत जातं आणि गारगोटी हजाराच्या वर. म्हणजे शेतातला दगड पात्यापेक्षा कठीण आहे आणि राहणार आहे. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या खडकांवरच्या जमिनींत तर क्वार्ट्झची वाळूच मिसळलेली असते. तिथल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता पात्याला किती मार बसतो तो हिशोब करा. रोटर मिनिटाला दोनशे फेरे घेत असेल, तर एकेक पातं तासाला बारा हजार वेळा जमिनीवर आदळतं. त्याच्या टोकाचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगाने गारगोटीवर घासल्यावर धातू झिजणारच. काठिण्य वाढवून झीज मंदावता येते, थांबवता येत नाही.

मग पातं होईल तेवढं कठीण का करू नये? कारण कठीण पोलाद ठिसूळ होतं. कानस किती कठीण असते ते आपण जाणतो, पण ती फरशीवर पडली तर तुकडा उडू शकतो. तसलं पातं जमिनीतल्या गोट्यावर आपटलं तर झिजायच्या आधीच मोडेल, आणि मोडलेला तुकडा शेजारच्या पात्यांची वाट लावेल. म्हणून शेतीच्या अवजारांची खरी परीक्षा दुहेरी असते. धारेला काठिण्य हवं आणि अंगाला चिवटपणा हवा. एकाच पोलादाकडून या दोन्ही गोष्टी मिळवायच्या, आणि त्याही शेतकऱ्याला परवडेल अशा किमतीत. विमानाच्या भागांसाठी महागडे मिश्रधातू वापरता येतात, इथे तीही सोय नाही.

हे कोडं आपल्या गावच्या लोहाराने फार पूर्वी सोडवलं होतं. फाळ शेवटायला आणला की तो भात्यावर लाल करायचा, घणाखाली टोक ओढून काढायचा आणि पुन्हा तापवून फक्त टोक पाण्यात बुडवायचा. टोक एकदम थंड होऊन काचेसारखं कठीण व्हायचं, मागचा भाग अजून धगधगत असायचा. मग तो टोक दगडावर घासून चकचकीत करायचा आणि त्याच्याकडे टक लावून बसायचा. मागची उष्णता टोकाकडे सरकू लागली की त्या चकचकीत पट्ट्यावर रंग चढत यायचे. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २३० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३०० च्या सुमारास. हवा तो रंग टोकाशी पोचला की पूर्ण फाळ पाण्यात. लवकर बुडवला तर टोक ठिसूळ राहणार, उशीर झाला तर मऊ पडणार. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, सगळा भरवसा डोळ्यावर. लोहाराकडून फाळ घरी जायचा तो टोकाला कठीण आणि मागे चिवट असा.

हे रंग धातूवर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे दिसतात. १९२२ साली सी. व्ही. रामन यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात पाणी दिलेल्या पोलादाच्या याच रंगांवर टिपण लिहिलं होतं. समुद्राच्या निळाईमागे लागलेल्या माणसाला लोहाराच्या ऐरणीवरचा निळा रंगही तितकाच विचार करण्याजोगा वाटला, याचा मला विलक्षण आनंद होतो. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर हे रंग पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत राहिले, त्यांना आपण कधी धातुशास्त्राचे जाणकार म्हटलं नाही, याचं वाईटही वाटतं.

कारखान्यात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. रॉबर्ट रॅन्सम हा इंग्लंडमधला ओतशाळावाला. तो नांगराचे फाळ बिडाचे ओतायचा. बीड स्वस्त आणि हव्या त्या आकारात ओतता येणारं, पण बिडाची धार बोथट व्हायची. १८०३ साली त्याने एका युक्तीचं पेटंट घेतलं. साचा फुटून तापलेला रस गार धातूवर सांडला आणि त्यातून ही युक्ती सुचली, असं सांगतात. युक्ती अशी की, साच्याची खालची बाजू लोखंडाची ठेवायची. वितळलेलं बीड तिला टेकलं की तेवढा थर झटकन गार होऊन पांढरं, अतिकठीण बीड बनतो. वरचा भाग सावकाश थंड होतो आणि मऊ राहतो.

शेतात हा फाळ चालू लागला की वरचा मऊ थर लवकर झिजतो, खालचा कठीण पापुद्रा पुढे राहतो आणि धार आपोआप कायम राहते. उंदराच्या पुढच्या दाताची रचना अशीच आहे. कठीण इनॅमल फक्त समोरच्या बाजूला, मागे तुलनेने मऊ डेंटीन. कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि दात पटाशीसारखा धारदार राहतो. शेतकऱ्याचं धान्य फस्त करणाऱ्या प्राण्याच्या तोंडात आणि त्याच शेतकऱ्याच्या फाळात एकच तत्त्व! झीज हा शत्रू आहे असं आपण धरून चालतो. रॅन्समने झिजेलाच धार लावायच्या कामाला जुंपलं. यंत्ररचनेच्या इतिहासात वाफेच्या इंजिनाचे गोडवे फार गायले जातात, पण माझ्या लेखी हा फाळ त्याच पंक्तीत बसतो. १८०८ मध्ये रॅन्समने सुटे भाग बदलता येतील अशा नांगराचंही पेटंट घेतलं.

मराठी मुलखात या वाटेवरचं मोठं नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेला हा तरुण रंग ओळखण्यातल्या दोषामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळला. पुढे मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये तो विषय त्यांनी शिकवला. बेळगावात कडबा कापायची यंत्रं केली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. १७९७ साली अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्डने बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही नेमकी हीच शंका काढली होती.

ही गोष्ट सांगताना शेतकऱ्याला अडाणी ठरवायची रीत आहे. मला ती पटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार नवा करून द्यायचा, फाळ झिजला तर लोहार शेवटून द्यायचा. बिडाचा भाग मात्र ऐरणीवर घेता येत नाही, घण पडला की तडकतो. म्हणजे नव्या नांगराबरोबर दुरुस्ती गावाबाहेर जाणार होती. विषाची शंका चुकीची होती, पण अनोळखी धातूवर चटकन विश्वास न टाकणं शहाणपणाचंच होतं. १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेत किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगरांचं आणि सुट्या भागांचं उत्पादन तिथे होऊ लागलं, आणि मग हा विश्वास हळूहळू बसत गेला.

आता बोरॉनकडे येऊ. पात्यांच्या बोरॉन स्टीलमध्ये बोरॉन असतं ०.००१ ते ०.००३ टक्के, म्हणजे एक टन पोलादात दहा ते तीस ग्रॅम. चिमूटभर! हे अणू तापलेल्या पोलादातल्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतात आणि तिथून मऊ रचना वाढू लागते ती अडवतात. त्यामुळे पोलाद भट्टीतून काढून एकदम थंड केलं की काठिण्य वरवर न राहता आतपर्यंत उतरतं. निकेल, मॉलिब्डेनम अशा महाग धातूंची बरीचशी भर या चिमटीवर भागते. युक्ती खरी आहे आणि सुंदर आहे.

पण दुकानातला स्टिकर अर्धीच गोष्ट सांगतो. बोरॉन स्वतः पोलादाला कठीण करत नाही. योग्य तापमान, झटपट गार करणं आणि मग बेताने पुन्हा तापवणं, या तिन्ही पायऱ्या नीट झाल्या तरच त्याचा उपयोग. भट्टीत कसर राहिली तर बोरॉनचं पातं आणि साधं पातं यांत नावापुरताच फरक. पोलादात नायट्रोजन मोकळा राहिला तर बोरॉन त्याच्याशीच जखडलं जातं. म्हणून जाणते कारखानदार नायट्रोजन बांधून ठेवायला टायटॅनियम घालतात. थोडक्यात, आपण पैसे मोजतो ते भट्टीतल्या शिस्तीचे, आणि ती स्टिकरवर दिसत नाही.

तर पारनेरच्या वाचकांना माझं उत्तर असं. तुमच्या जमिनीला बोरॉनची पाती परवडतील, पण पारखून घ्या. नव्या पात्याच्या धारेवर चांगली कानस चालवून बघा. ती सरसर चावत असेल तर ते पातं परत ठेवा, घसरत असेल तर धारेचं काम नीट झालंय. बोल्ट बसतो त्या भागात कानस थोडी जास्त लागली तर घाबरू नका, तिथे चिवटपणाच हवा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत यंत्रांची चाचणी होते. तिच्या अहवालात पात्यांचं काठिण्य, रासायनिक घटक आणि झीज नोंदलेली असते. यंत्र घेताना तो अहवाल मागा. झिजलेल्या पात्याला साध्या वेल्डिंगने पट्टी जोडू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या भागाचं पाणी उतरतं आणि पातं तिथेच मोडतं. क्रोमियम कार्बाइडचा कठीण थर चढवून घ्यायचा असेल तर जाणत्या कारागिराकडून आणि फक्त एका बाजूला घ्या, म्हणजे रॅन्समचा फाळ तुमच्याच शेतात चालेल. गोटे वेचा. वाफसा असतानाच रोटाव्हेटर घाला, कोरड्या कडक रानात पाती झपाट्याने जातात.

कारखानदारांना एकच विनंती. पात्यावर तुम्ही स्वतःचं नाव ठसठशीत उठवता. त्याशेजारी धारेच्या काठिण्याचा आकडाही उठवा. शेतकऱ्याला पातं निवडायला तोच उपयोगी पडेल.