औषध आणि त्याचे वाहन

पावसाळा आला की उदगीर भागातील शेतकरी-मजुरांच्या घरी गजकर्ण हमखास येते. ओले कपडे अंगावरच वाळतात आणि कंबर, मांड्या खाजू लागतात. घरातील वडीलधारी माणसे हळद, ओवा, कडुनिंब यांचा लेप सांगतात. शिकलेली मंडळी त्याला हसतात. वास्तविक दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असले तरी हा विषय आमच्या घरचाच असल्याने तो येथे मांडीत आहे.

गजकर्ण हा बुरशीचा रोग होय. हळदीतील कर्क्युमिन, ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल ही द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मग लेपाने रोग का हटत नाही? याचे उत्तर आपल्या चुलीपाशीच आहे. हळद पाण्यात टाकली तर तळाशी बसते. फोडणीच्या तेलात टाकली तर लगेच रंग सोडते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. थायमॉल व युजेनॉल उडून जातात आणि प्रमाण वाढले तर कातडीची आग करतात. म्हणजे औषध आहे, पण ते बुरशीपर्यंत पुरेसे पोचत नाही व तेथे टिकत नाही.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेले वाहन म्हणजे लिपिड नॅनोकण, अर्थात स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारणपणे ५० ते ३०० नॅनोमीटरचे असतात. स्निग्ध पदार्थ वितळवून त्यात वनस्पतिद्रव्य मिसळतात आणि साबणासारखे काम करणारा पदार्थ घालून ते मिश्रण गरम पाण्यात वेगाने घुसळतात. निवल्यावर द्रव्य कणांत अडकून राहते. कातडीच्या वरच्या थरातही स्निग्धांश असतो. त्यामुळे कण तेथे चिकटून औषध सावकाश सोडतात.

ही नुसती कल्पना नव्हे. ॲम्फोटेरिसिन-बी हे मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळालेले औषध बुरशी मारते, पण मूत्रपिंडास इजा करते. लायपोसोम या स्निग्ध वेष्टनात घातल्यावर ती इजा पुष्कळ कमी झाली. २०२१ साली कोरोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, तेव्हा महाराष्ट्रभर नातेवाईक याच औषधाच्या कुप्यांसाठी वणवण फिरत होते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ च्या सुमारास शोधलेले हॅमायसिनही पाण्यात न विरघळणारे. तेही लायपोसोममध्ये घालून आपल्या देशात उंदरांवर प्रयोग झाले.

वनस्पतिद्रव्यांचे नॅनोकण मात्र अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. ते दवाखान्यात येईपर्यंत काय करावे? गेल्या वर्षी माझ्या वडिलांनी चिठ्ठीविना दुकानातून एक मलम आणले. खाज दोन दिवसांत थांबली आणि महिन्याभरात गजकर्ण पाठभर पसरले. त्यात स्टेरॉइड होते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितले. स्टेरॉइड खाज दाबते, पण बुरशीला रान मोकळे करते. म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरी मलमाची नळी आली की तिच्यावरील नावे वाचून दाखवा, आणि डॉक्टरांनी दिलेले औषध खाज थांबली तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावायला लावा. घरात पहिल्यांदा वाचायला शिकलेल्या आपल्यासारख्यांचे एवढे काम तर आहेच.