तोल मोजायचा कसा?

आपण म्हणतो, अमका माणूस स्तब्ध उभा आहे. पण उभा माणूस कधीच पुरता स्तब्ध नसतो. त्याचे शरीर मागेपुढे, डावीउजवीकडे किंचित झुलत असते आणि घोट्याभोवतीचे व पोटरीचे स्नायू क्षणोक्षणी ते सावरत असतात. या सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, कानाच्या आतला तोल राखणारा भाग, आणि तळपाय व सांधे. यातली एखादी वाट अधू झाली तरी उरलेल्या दोन काम निभावून नेतात. म्हणूनच बिघाड लवकर ध्यानात येत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो, तेव्हा कुठे शंका येते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रॉम्बर्ग यांनी हेच हेरले. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची त्यांच्या नावाची चाचणी आजही दवाखान्यात वापरतात.

पण ‘झोक जातो’ एवढ्याने भागत नाही. किती जातो, हे कळायला हवे. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यात साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. तोल ढासळतो आहे हे पडण्याआधी कळले, तर व्यायामाने बरेच सावरता येते.

सर्वांत सोपे माप म्हणजे एका पायावर उभे राहणे. अनवाणी, हात छातीशी दुमडून, उचललेला पाय दुसऱ्या पायाला न टेकवता किती सेकंद टिकता, ते घड्याळावर पाहायचे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४५ सेकंदांची मर्यादा ठेवली होती. तीन प्रयत्नांतला उत्तम धरला, तर चाळिशीच्या आतले लोक सरासरीने या मर्यादेपर्यंत पोचले. साठ ते एकोणसत्तर वयाचे सुमारे ३२ सेकंद, सत्तरीतले २१-२२ आणि ऐंशीपुढचे साधारण ९ सेकंद टिकले. ही सगळी धडधाकट माणसे होती.

आता खरी मेख पाहा. समजा, एक आजी गेल्या महिन्यात २८ सेकंद उभ्या राहिल्या आणि आज २२. त्यांचा तोल बिघडला का? लगेच सांगता येणार नाही. एकच पोते दोनदा तोलून दोन वजने दाखवणाऱ्या काट्यावर आपण विश्वास ठेवत नाही. तसेच, काही बदल झालेला नसताना एकाच माणसाचे आकडे दिवसागणिक किती हलतात, हे आधी ठाऊक हवे. त्याहून मोठा फरक पडला, तरच तो खरा.

प्रयोगशाळेत दाब मोजणारी पाटी असते. तिच्यावर उभे राहिले की शरीराच्या झुलण्याचा आलेख मिळतो. पण पाटी महाग आहे म्हणून आकडा आपोआप भरवशाचा होत नाही. २०१० मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात निष्कर्ष निघाला, की प्रत्येक वेळी ९० सेकंदांपर्यंत मोजावे आणि तीन ते पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी. पायांतले अंतर, नजर कुठे ठेवायची, ‘सहज उभे राहा’ म्हणायचे की ‘अजिबात हलू नका’, हेही दर वेळी तेच हवे, कारण नुसती सूचना बदलली तरी झुलणे बदलते.

वयाचा प्रश्न वेगळाच. सोपी चाचणी तरुणांना लावली तर सगळेच पहिले येतात आणि त्यांच्यातला फरक कळत नाही. डोळे मिटायला लावून ती अवघड करावी, तर वृद्ध दोन-चार सेकंदांतच पाय टेकतात. म्हणून वयानुसार चाचणी निवडावी आणि आकड्याची तुलना समवयस्कांशी करावी.

घरी करून पाहायचे असेल, तर भिंतीजवळ, कोणीतरी शेजारी असताना करा. तीनदा मोजा, आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच पद्धतीने मोजा. एका दिवसाच्या आकड्याने हुरळू नका आणि घाबरूही नका. पण दर खेपेला आकडा उतरत चालला असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवा.