राजा गेला, आता ग्राहक कुठून आणायचा?

आज आपण तंजावरच्या उत्तरेला तेराएक किलोमीटरवर, कावेरीकाठच्या तिरुवैयारु गावात आलो आहोत. नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचं ठिकाण. इथेच संत त्यागराजांची समाधी आहे. दर वर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक समाधीसमोर बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकसुरात गातात.

पण आजचा विषय गाण्याचा नाही, धंद्याचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जण एकच प्रश्न विचारतात. कोणी चित्रं काढतं, कोणी दागिने घडवतं, कोणी लग्नाच्या फिल्म बनवतं. हातात कला आहे. पहिल्या चार-पाच ऑर्डरी नात्यागोत्यातून मिळाल्या. मग फोन वाजायचा बंद झाला. आता पुढचा ग्राहक कुठून आणायचा? हाच प्रश्न या मुलुखातल्या कलावंतांपुढे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, तोही पोटाचा प्रश्न म्हणून.

एकाच ग्राहकावर संसार नको

सतराव्या शतकात व्यंकोजी राजे भोसले इथे गादीवर बसले आणि जवळजवळ १८० वर्षं तंजावरात मराठ्यांचा दरबार नांदला. गवई, नर्तक, चितारी, वीणा घडवणारे कारागीर, सगळ्यांचा मोठा ग्राहक एकच, तो म्हणजे राजवाडा. १८५५ साली शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केलं. ज्यांचं सगळं दरबारावर अवलंबून होतं, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

पण काहींनी त्याच्या आधीच दुसरी दारं ठोठावली होती. 'तंजावर चौघे बंधू' म्हणून ओळखले जाणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु घ्या. सरफोजीराजांच्या दरबारात ते नावारूपाला आले. पुढे वडिवेलु त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले, चिन्नय्या म्हैसूरला. दरबार संपण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्यांची कला तीन राज्यांत पोचली होती.

आपल्यासाठी हिशोब सोपा आहे. गेल्या सहा महिन्यांची कमाई मांडा. एकाच ग्राहकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे येत असतील, तर तो ग्राहक खूश असतानाच दुसरा शोधायला लागा. गरज पडल्यावर शोधायला निघालं की आपण मिळेल त्या भावात काम घेतो.

कामाला आकार द्या

या भावांचं आणखी एक मोठं काम आहे. नृत्याच्या कार्यक्रमाचा क्रम त्यांनी पक्का केला: आधी अलारिप्पु, मग जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि शेवटी तिल्लाना. आजही भरतनाट्यमचा कार्यक्रम साधारण याच क्रमाने होतो. बोलावणाऱ्याला काय मिळणार आहे हे आधी ठाऊक असतं, शिकणाऱ्यालाही पुढची पायरी दिसते.

"मी सगळ्या प्रकारची कामं करते" असं म्हटलं की ग्राहक गोंधळतो. "नामकरणाचे फोटो, दोन तास, चाळीस निवडक फोटो, आठ दिवसांत हातात" असं म्हटलं की तो लगेच भाव विचारतो. अशी दोन-तीन ठरलेली कामं तयार ठेवा.

हात तेच, गिऱ्हाईक वेगळं

तंजावरच्या चितारींकडे बघा. भाविकांसाठी ते लाकडी फळीवर कापड चिकटवून, खडूच्या लेपाने उठाव देऊन, सोन्याचा वर्ख आणि खडे लावून देवांची चित्रं करत. युरोपियन साहेबांसाठी याच भागात कागदावर वेगळी चित्रं होऊ लागली: इथले लोक, त्यांचे पोशाख, धंदे, सण. साहेबाला देव्हाऱ्यासाठी मूर्ती नको होती, मायदेशी दाखवायला हा देश हवा होता. पुढे चेट्टियार व्यापाऱ्यांची घरं या चित्रांची मोठी आश्रयदाती झाली.

मराठी माणसाने तर इथे याहून धाडसी प्रयोग पाहिला. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारखे कीर्तनकार महाराष्ट्रातून तंजावरात आले. तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या कीर्तनाची बांधणी उचलली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ठेवले, त्यांना कर्नाटक संगीताची जोड दिली आणि निरूपण तमिळमध्ये केलं. त्यातून तमिळ हरिकथेचं रूप घडलं. आराखडा आपला, पण कान समोरच्याचे.

म्हणून आपली कला कुणाला हवी, एवढंच विचारू नका. ती त्याला कशासाठी हवी, हे विचारा. तंजावर शैलीतला गणपती वास्तुशांतीची भेट म्हणून घेणारा, हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी घेणारा आणि स्वतः शिकायला साहित्याचा संच मागणारा, हे तीन वेगळे ग्राहक आहेत. तिघांचा भाव वेगळा, घाई वेगळी, शंका वेगळी.

शंकेवरून आठवलं. तंजावर चित्राला भौगोलिक मानांकन आहे. त्याने नावाला संरक्षण मिळतं, ऑर्डर मिळत नाही. ग्राहकाच्या मनातला प्रश्न असतो, वर्ख खरा आहे का? त्याचं उत्तर बिलावर लिहून द्या आणि काम चालू असतानाचा लहानसा व्हिडिओ पाठवा. विश्वास बसला की घासाघीस कमी होते.

नाव कोण पुढे नेतं?

आता त्यागराजांकडे येऊ. त्यांना धंद्याचे गुरू करू नका. ते उंछवृत्तीने, म्हणजे रामनाम गात दारोदारी मिळालेल्या धान्यावर राहिले, आणि त्यांनी राजाश्रय नाकारला असं परंपरा सांगते. पण त्यांचं गाणं गावाबाहेर गेलं कसं? वालाजापेट, उमयाळपुरम, तिल्लैस्थानम अशा गावांच्या शिष्यांनी ते लिहून ठेवलं, शिकवलं, पुढे नेलं.

तुमचं नावही तुमच्यापेक्षा दुसऱ्याच्या तोंडून जास्त लांब जातं. मात्र त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. चित्राच्या मागे तुमचं नाव, फोन, साहित्य आणि निगा कशी राखायची ते चिकटवा. काम दिल्यावर महिन्याभराने फोन करा, "कसं दिसतंय?" एवढंच विचारा. पुढची ऑर्डर पुष्कळदा याच फोनमधून निघते.

भाव ठरवताना

समजा, एका चित्राला साहित्य ३,५०० रुपये, पॅकिंग-कुरियर ६००, भाडं-वीज ४००. खर्च झाला ४,५००. तीस तास लागले. ओळखीचा माणूस म्हणाला, "सहा हजारांत द्या." तुम्ही दिलंत. हाती राहिले १,५००, म्हणजे तासाला ५० रुपये. तासाला १५० हवे असतील, तर भाव ९,००० निघतो. हे गणित कागदावर नसेल तर ग्राहक वाढतील तसं नुकसान वाढेल. आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय साहित्य आणू नका.

या आठवड्याचं काम सांगतो. वहीत तीस नावं लिहा: दहा जुने ग्राहक, दहा त्यांच्या ओळखीचे, दहा असे लोक ज्यांच्याकडे तुमचा ग्राहक आधी जातो, म्हणजे इंटिरिअरवाले, मंगल कार्यालयवाले, फ्रेमवाले. रोज पाच जणांशी बोला. रविवारी सुट्टी. सहा दिवसांत यादी संपेल. कोण काय म्हणालं, ते नावापुढे लिहून ठेवा. नकारसुद्धा लिहा, कारण तीन जणांचा नकार एकाच कारणासाठी असेल तर दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

राजवाडा कुणालाच कायमचा पुरत नाही. दारं मात्र पुष्कळ असतात, ती ठोठवावी लागतात. चला, वही घ्या. पुढच्या भागात भेटू.