प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारी औषधे आणि हृदयाची लय

बाळाच्या जन्मानंतर वार सुटते, तेव्हा त्या जागेवरील रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भाशय घट्ट आकुंचन पावले की त्या मिटतात. ते सैल राहिल्यास थोड्याच वेळात अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाऊ शकते. आधीच रक्तक्षय असलेल्या मातेच्या हे जिवावर बेतते. म्हणूनच बाळ जन्मताच मातेस ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्यात येते. पुढील माहिती वाचून आपण ते इंजेक्शन भीतीपोटी नाकारू नये, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

ऑक्सिटोसिनचा परिणाम गर्भाशयापुरता मर्यादित नसतो. त्याने रक्तवाहिन्या शिथिल होतात, रक्तदाब काही मिनिटे उतरतो आणि तो सावरण्यासाठी हृदयाचे ठोके वाढतात. स्नायूत दिलेल्या १० युनिटच्या मात्रेने निरोगी मातेस हे बहुधा जाणवतही नाही. तीच मात्रा शिरेतून एकदम सोडल्यास मात्र रक्तदाब झपाट्याने कोसळू शकतो; यास्तव शिरेतून औषध सावकाश किंवा सलाइनमधून दिले जाते.

दुसरा परिणाम ईसीजीवर दिसतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयास पुढील ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत यावे लागते. या क्रियेस लागणारा वेळ ईसीजीवरील ‘क्यूटी’ अंतरावरून कळतो. ऑक्सिटोसिनने हे अंतर काही काळ लांबू शकते. बहुसंख्य मातांना त्याने काहीही होत नाही. परंतु हे अंतर लांब असण्याचा आनुवंशिक विकार असेल, उलट्या-जुलाबांमुळे शरीरातील पोटॅशियम घटले असेल, किंवा उलटीवरील ऑन्डान्सेट्रॉन अथवा एरिथ्रोमायसिनसारखे औषध चालू असेल, तर हे परिणाम एकत्र येऊन हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते.

मिथाइलअर्गोमेट्रिन या औषधाचे कार्य याच्या उलट. ते रक्तवाहिन्या आवळते, त्यांत हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्याही आल्या; म्हणून उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्या मातेस ते दिले जात नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनंतर हुडहुडी भरून ताप येतो. त्याने घाबरून जाऊ नये.

पर्याय आहेत, परंतु योग्य औषध निवडण्यासाठी डॉक्टरांना आपला पूर्वेतिहास ज्ञात असावा लागतो, आणि अडचण बहुतेकदा इथेच येते. बालपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकुंचित झालेल्या अनेक स्त्रिया सासरी ही गोष्ट उघड करीत नाहीत. अशा हृदयास ठोक्यांची अचानक वाढ सोसत नाही. घरी सांगणे कठीण वाटत असल्यास डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताई यांना एकांतात सांगावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी. दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत होणारी विनामूल्य तपासणी ही त्यासाठी उत्तम संधी आहे.

आपण पूर्वी कधी अकस्मात बेशुद्ध पडला असाल, तर तेही सांगावे. लयविकारामुळे येणारी मूर्च्छा अनेकदा फेफरे समजून दुर्लक्षिली जाते. कुटुंबात कोणी तरुण वयात एकाएकी दगावले असल्यास ती माहितीही महत्त्वाची. हृदयाची लय सांभाळणारे औषध चालू असेल, तर प्रसूतीनंतर ते स्वतःहून बंद करू नये; आनुवंशिक क्यूटी विकारात प्रसूतीनंतरचे काही महिने विशेष जोखमीचे असतात.

इंजेक्शननंतर तीव्र धडधड, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्क्षणी परिचारिकेस हाक मारावी. घरी परतल्यावर ही लक्षणे दिसल्यास, अथवा पाच मिनिटांच्या आत एक पॅड पूर्ण भिजत असल्यास, १०८ किंवा १०२ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत मातेस आडवे झोपवून ठेवावे. धाप लागत असल्यास मात्र तिला टेकवून बसवावे.