मालाची वाट आणि तिचे सांधे

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनाचे एक पिंप परदेशी जायचे आहे असे समजा. ते ट्रकवर चढते, बोईसरहून चिल्हार फाट्याला हमरस्त्यास लागते आणि घोडबंदरवरून ठाण्याकडे, नाहीतर मनोर-वाडा-भिवंडी असा वळसा घेऊन न्हावाशेव्यास पोचते. तेथून जहाज. जेथे वाटा एकत्र येतात किंवा वाहन बदलते, त्या जागेला मी सांधा म्हणतो. कंटेनर आल्यापासून पेटी न उघडता ट्रकवरून आगगाडीत, आगगाडीतून जहाजात जाते. हमाली पुष्कळ वाचली, पण सांधे उरलेच.

दोन वाटा असल्या की आपण निश्चिंत होतो. ते खरे नाही. २०१८ साली मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता. तिथली अवजड वाहने ठाणे-ऐरोलीकडे वळवली, तेव्हा तो रस्ताही तुंबला. पर्यायी वाट होती, पण ती आधीच भरलेली. रिकामी जागा नसलेली वाट अडचणीच्या वेळी वाट नसल्यासारखीच.

समुद्रावरही तेच. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा ही बंदरे दोन, पण आत येण्याचा खोल पाण्याचा मार्ग एकच. ७ ऑगस्ट २०१० रोजी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे तेथे एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

आणि माणसाचा सांधा? जानेवारी २०२४च्या आरंभी अपघाताच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालक हाही या जाळ्याचा भाग आहे, हे तेव्हा पुष्कळांच्या प्रथमच ध्यानात आले.

कारखानदार हल्ली कच्च्या मालाचा साठा थोडाच ठेवतात. गोदामाचे भाडे वाचते. मग वाटेत चार दिवस माल अडला की पाळी बंद. कायम कामगार कसाबसा तगतो, कंत्राटी कामगाराला फाटकावरूनच परत पाठवतात. वाचवलेले भाडे शेवटी त्याच्या खाड्यातून निघते.

आता वाढवणचे पाहू. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरात त्याची पायाभरणी झाली. ते बंदर मुंबईच्या मार्गावर अवलंबून नसेल. २०१०सारख्या प्रसंगी हा मोठाच आधार. (मच्छीमारांचा विरोध हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, दोन वाक्यांत तो उरकणे बरे नव्हे.) पण किनाऱ्यावर उतरलेला माल देशात न्यायचा तो याच हमरस्त्याच्या आणि दादरी-न्हावाशेवा या १५०६ किलोमीटरच्या मालगाडी-मार्गाच्या आधारे. समुद्राकडची वाट निराळी झाली, जमिनीकडचा सांधा तोच राहणार. म्हणून आराखडा पुढे आला की बंदर केवढे, एवढेच विचारू नका; चिल्हार फाट्यावर गाड्या अडल्या तर त्या कोठून वळणार आणि चालक रात्री कोठे झोपणार, हेही विचारा.